तंबूतल्या गादीसाठी छोटा हवेचा पंप कसा निवडायचा

शनिवारी दुपारी कोल्हापूर सोडलं की अंधार पडायच्या आत गगनबावडा, आंबा, राधानगरी किंवा पन्हाळ्याच्या पलीकडं मुक्कामाला पोचता येतं. पहिल्यांदा तंबूत राहायला निघालेली माणसं तंबूवर खूप विचार करतात, स्लीपिंग बॅगबद्दल चार जणांना विचारतात, आणि पंप मात्र निघायच्या आदल्या दिवशी दिसेल तो उचलतात. रात्रीची झोप या वस्तूवर अवलंबून असते. जांभ्याच्या खडकावर अर्धवट भरलेली गादी टाकून झोपलं की कुशीवर वळताना कंबरेचं हाड थेट दगडाला टेकतं, आणि दुसऱ्या दिवशीची चढण पाठीनं मोजावी लागते.

पुढच्या पायऱ्या क्रमानं वाचा. प्रत्येक पायरीचं उत्तर मागच्या पायरीवर ठरतं.

पहिली पायरी: गादीत किती हवा मावते ते काढा

पंप बघायच्या आधी घरातली मोजपट्टी घ्या. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी मीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि उत्तराला १००० नं गुणा. आलेला आकडा लिटरमध्ये असतो. गादीच्या कडा गोलसर असतात आणि आत खाचा असतात, म्हणून त्यातून पंधरा-वीस टक्के वजा करा.

बाजारात सर्रास मिळणारी दोघांची पीव्हीसी गादी १.९१ मीटर लांब, १.३७ मीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर जाड असते. गुणाकार ६५४ लिटरच्या आसपास जातो, वजावट करून साडेपाचशे लिटर धरा. त्याच लांबी-जाडीची पण ९९ सेंटिमीटर रुंदीची एकट्याची गादी ४०० लिटरच्या जवळपास बसते. ट्रेकला न्यायची गुंडाळी करून पाठीवरच्या सॅकमध्ये बसणारी गादी मात्र वेगळ्या जातीची: १.८३ मीटर लांब, ५५ सेंटिमीटर रुंद, ६ सेंटिमीटर जाड. तिच्यात जेमतेम ५० लिटर हवा मावते.

साडेपाचशे आणि पन्नास. एका गादीसाठी उत्तम असलेला पंप दुसरीसाठी कुचकामी ठरतो तो या अकरा पटीच्या फरकामुळं. ‘कॅम्पिंगसाठी कुठला पंप चांगला?’ असं विचारलं तर म्हणूनच नीट उत्तर मिळत नाही. आधी गादी ठरली पाहिजे.

आत फोम असलेली, बूच उघडलं की आपोआप फुगणारी गादी घेतली असेल तर पंपाची गरजच नाही. पंधरा-वीस मिनिटं उघडी ठेवायची आणि शेवटी तोंडानं चार-पाच फुंकरा मारायच्या. तुम्ही पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

दुसरी पायरी: दाब आणि प्रवाह यांतला फरक ओळखा

सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात, म्हणून इथं थोडं थांबू.

दुकानात गेल्यावर हमखास पुढं केला जातो तो टायरमध्ये हवा भरायचा छोटा यंत्रपंप. त्यावर १०० किंवा १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. “ह्यानं ट्रॅक्टरचं टायर भरतंय, तुमची गादी काय चीज आहे?” असं दुकानदार अगदी मनापासून सांगतो. त्याचं म्हणणं खोटं नसतं, पण गादीला ते लागू पडत नाही.

हिशेब करून बघू. ७० किलोचा माणूस गादीवर उताणा झोपला की त्याचं वजन साधारण अर्ध्या चौरस मीटरवर पसरतं. त्यातून गादीवर येणारा दाब होतो १.४ किलोपास्कल (हे दाबाचं दुसरं माप), म्हणजे फक्त ०.२ पीएसआय. उठून बसलं किंवा कोपरावर भार दिला की तेवढ्या जागी दाब वाढतो, म्हणून गादी अडीच ते चार किलोपास्कलपर्यंत भरलेली असली की आरामशीर वाटते. मोटारीच्या टायरमध्ये ३२-३३ पीएसआय असतात. म्हणजे गादीला लागणारा दाब टायरच्या पन्नासाव्या ते नव्वदाव्या हिश्श्याइतकाच आहे. गादीला हवी असते ती भरपूर हवा, हलक्या दाबानं, झटपट.

नदीकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पंचगंगेवरून लांबच्या माळावर पाणी चढवायचं असेल तर मोटर जास्त हेडची, म्हणजे पाणी उंच चढवणारी बघायची, आणि काठालगतच्या उसाच्या सरीत सोडायचं असेल तर कमी हेडची, भरपूर डिस्चार्जची, म्हणजे मिनिटाला जास्त पाणी फेकणारी. गादी म्हणजे काठालगतचं सपाट रान आहे. तिच्यासाठी हेड विकत घेऊ नका, डिस्चार्ज घ्या.

टायरचे छोटे पंप मिनिटाला साधारण २० ते ३५ लिटर हवा देतात. साडेपाचशे लिटरची गादी त्यावर भरायला घेतली तर ३० लिटरच्या हिशेबानं १८ मिनिटं लागतात. त्यातले बरेच पंप सलग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नयेत असं त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, कारण आतला पिस्टन आणि सिलिंडर तापतात. मध्ये गार करायला थांबलात तर अर्धा-पाऊण तास जातो. सायकलचा पंप तर विचारातच घेऊ नका. एका दट्ट्याला पाव लिटर हवा धरली तरी दोन हजारांवर दट्टे मारावे लागतील.

गादीसाठीच्या विजेरी पंपात पिस्टन नसतो, आत एक वेगानं फिरणारा पंखा असतो. मुठीत मावणारे पंपसुद्धा मिनिटाला १८० लिटरच्या पुढं हवा देतात. खोक्यावर म्हणूनच दोन आकडे शोधा: लिटर प्रति मिनिट आणि किलोपास्कल. फक्त ‘पॉवरफुल मोटर’ एवढंच लिहिलेलं असेल आणि हे दोन आकडे कुठंच नसतील, तर तो पंप परत ठेवा.

या आकड्यांतही एक खोच आहे. छापलेला प्रवाह हा पंपाचं तोंड मोकळं असतानाचा असतो. गादी भरत जाते तसा आतला दाब उलट ढकलतो आणि प्रवाह कमी होतो. पंपाचा कमाल दाब २ किलोपास्कल असेल तर गादीत तेवढा दाब झाला की पंखा नुसताच भणभणतो, हवा आत जातच नाही. गादी तीन किलोपास्कलला हवी असेल तर पंप चारच्या आसपास देणारा घ्या. वेळेचा अंदाज बांधताना लिटरला प्रवाहानं भागून आलेलं उत्तर दुप्पट धरा. १८० लिटरच्या पंपावर दोघांची गादी कागदावर तीन मिनिटांत भरते, जागेवर सहा मिनिटं लागली तर पंप बिघडलेला नाही.

ट्रेकच्या छोट्या गादीसाठी एक सोपा मार्ग कायम हाताशी असतो. निरोगी माणूस जोरानं फुंकला तर ५ किलोपास्कलच्या वर दाब सहज देतो, म्हणजे बहुतेक छोट्या पंपांपेक्षा जास्त. पंपानं गादी भरून घ्यायची आणि शेवटचा कडकपणा दोन-तीन फुंकरांनी आणायचा. सगळी गादी मात्र तोंडानं भरू नका. श्वासातली वाफ आत साचते, आमच्याकडच्या पावसाळी हवेत ती सुकत नाही, आणि काही महिन्यांत आतून बुरशीचा वास यायला लागतो.

तिसरी पायरी: पंप कशावर चालवणार?

मुक्कामाच्या जागेपर्यंत गाडी जाते का, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा.

गाडी जात असेल आणि गादी मोठी असेल तर १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा पंप स्वस्त आणि भरवशाचा. ५०-६० वॅटचा पंप साधारण ५ अँपिअर ओढतो, गाडीच्या सॉकेटला तो सहज पेलतो. घेताना वायरची लांबी मोजा. दुकानात तीन मीटर पुरेशी वाटते, पण तंबू गाडीपासून पाच पावलांवर असेल तर पुरत नाही, आणि फुगलेली दोघांची गादी तंबूच्या दारातून आत सरकवणं जमत नाही. गादी तंबूतच भरावी लागते, हे नव्यांच्या लक्षात येत नाही.

चार्ज होणारा, लिथियम बॅटरीचा पंप ही वायरची कटकट संपवतो. बॅटरीचा हिशेब असा: १३०० एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी ३.७ व्होल्टला ४.८ वॅट-तास देते. मोटर १२ वॅट घेत असेल तर कागदावर २४ मिनिटं, प्रत्यक्षात वीसच्या आत. ट्रेकच्या छोट्या गाद्या त्यात अख्ख्या गटाच्या भरतील, दोघांची मोठी गादी दोनदा-तीनदा. कुटुंबासाठी दोन मोठ्या गाद्या असतील तर ४००० एमएएच किंवा त्याहून मोठी बॅटरी बघा. चार्जिंगचं तोंड टाइप-सी असावं, म्हणजे मोबाइलचीच वायर आणि पॉवर बँक चालते. चार्जिंगला लावलेला असताना पंप चालतो का, हे जरूर विचारा. बरेच पंप चालत नाहीत, आणि संपलेली बॅटरी घेऊन बसलेल्या माणसाला पॉवर बँकेचा लगेच उपयोग होत नाही.

२३० व्होल्टचे पंप मिनिटाला चारशे-पाचशे लिटरपर्यंत हवा देतात, पण त्यांना भिंतीतलं सॉकेट लागतं. कृषी पर्यटन केंद्रात किंवा घरी पाहुणे आल्यावर उपयोगी. तंबूसाठी नको.

हातपंप आणि पायपंप यांना जुनाट समजू नका. खाली-वर दोन्ही दट्ट्यांना हवा देणारा हातपंप एका फेरीत चार लिटरच्या आसपास देतो. साडेपाचशे लिटरला दीडशे फेऱ्याही लागत नाहीत, दोघांनी आलटून पालटून मारल्या तर दहा मिनिटांत गादी तयार. पावसात भिजला तरी चालतो, चार्ज करावा लागत नाही. गाडीच्या डिकीत पायपंप कायम पडून असावा, विजेरी पंप कितीही चांगला असला तरी.

गाडी जात नसेल, सगळं पाठीवर वाहायचं असेल, तर माझी पहिली पसंती पंपाच्या पिशवीला आहे. पातळ कापडाची मोठी पिशवी, तिच्या एका टोकाला गादीच्या तोंडात बसणारं नोजल. पिशवी वाऱ्यात उघडून हवा कोंडायची, तोंड गुंडाळायचं आणि दाबून हवा गादीत ढकलायची. दोन-तीन खेपांत गादी भरते. शिवाय चालताना तीच पिशवी सॅकच्या आत घालून कपडे कोरडे ठेवता येतात. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट आषाढातल्या पावसात तुडवणाऱ्यांना याचं मोल कळेल. वाटेतल्या वाड्यांवर मुक्काम असतो, कुणाच्या तरी सोप्यात किंवा शाळेच्या ओट्यावर पथारी पडते, सगळं ओलं असतं. अशा वेळी बॅटरी, चार्जिंग आणि वीज यातलं काहीच न लागणारी वस्तू जवळ असलेली बरी.

चौथी पायरी: तोंड जुळतंय का बघा

पंप उत्तम, गादी उत्तम आणि नोजल बसत नाही, असं कितीदा तरी होतं. मोठ्या पीव्हीसी गाद्यांना रुंद तोंड असतं, त्यात मोठं नोजल बसतं. काही गाद्यांना दुहेरी झाकणाचा व्हॉल्व्ह असतो, हवा आत जाते पण बाहेर येत नाही. पोहायच्या ट्यूबला असतं तसं चिमटीत दाबायचं बारीक तोंडही काही गाद्यांना असतं. ट्रेकच्या गाद्यांचे व्हॉल्व्ह चपटे असतात आणि प्रत्येक कंपनीचा आकार थोडा वेगळा.

यावर एकच खात्रीचा उपाय: गादी घेऊनच दुकानात जा. घडी घातलेली असली तरी चालेल, फक्त तोंड दिसलं पाहिजे. नोजल बसवून बोटानं हलवा. ढिलं असेल तर हवा बाजूनं निसटेल. ऑनलाइन मागवणार असाल तर गादीच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून विक्रेत्याला विचारा. चांगल्या पंपासोबत तीन ते पाच नोजल येतात, ती हरवतात, म्हणून पहिल्या दिवशीच पंप ठेवायच्या पिशवीत दोरीनं बांधून ठेवा.

हवा काढायचं दुसरं तोंड पंपाला आहे का, तेही बघा. सकाळी गादीवर लोळून, गुडघे दाबून हवा काढण्यापेक्षा पंपानं ओढून काढली तर घडी मूळ पिशवीत मावते. ही सोय नसलेला पंप मी तरी घेणार नाही.

पाचवी पायरी: दुकानातली परीक्षा

पंप चालू करून दाखवायला सांगा. तळहात तोंडावर धरा आणि हळूहळू दाबून बंद करा. आवाज चढत जातो पण मोटर अडखळत नाही, एवढं पुरे. जळकट वास आला तर लगेच परत द्या. आवाज स्वतःच्या कानानं ऐका. घरात साधा वाटणारा आवाज रानात फार लांब जातो. दाजीपूरचं जंगल १९५८ मध्ये अभयारण्य झालं, राज्यातलं ते पहिलं. तिथल्या गव्यांना संध्याकाळी पाणवठ्याकडं उतरताना मोटरचा कर्कश आवाज ऐकू यावा हे बरं नाही. वन खात्यानं परवानगी दिलेल्या जागेतच राहायचं आणि गाद्या उजेड असतानाच भरून घ्यायच्या.

लिथियम सेल आणि चार्जर यांना भारतात बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर किंवा खोक्यावर मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. बिल घ्या. स्वस्त पंपात आधी जाते ती बॅटरी, आणि ती बदलून मिळणार का हे विकत घेतानाच विचारायचं असतं.

दिवा, पॉवर बँक आणि पंप एकात असलेली यंत्रंही मिळतात. तंबूत उजेडासाठी छान आहेत. फक्त दिवा रात्रभर वापरला तर सकाळी हवा ओढायला बॅटरी उरत नाही, हे लक्षात ठेवा.

सहावी पायरी: घरी एक रात्र

निघायच्या चार-पाच दिवस आधी हॉलमध्ये गादी भरा. नवं पीव्हीसी पहिल्या एक-दोन वेळा ताणतं, त्यामुळं सकाळी गादी थोडी सैल लागली तर घाबरू नका. पुन्हा भरा आणि दुसऱ्या रात्री बघा. तरीही पोटात गेली तर साबणाचं पाणी शिवणीवर आणि तोंडाभोवती लावा, बुडबुडे दिसतील. भोक सापडलं तर ती जागा स्पिरिटनं पुसून पीव्हीसीचाच तुकडा आणि पीव्हीसीचा गोंद वापरा. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन रबरासाठी असतं, पीव्हीसीवर ते धरत नाही. दोन-तीन उन्हं लागली की पॅच सुटतो.

याच वेळी घड्याळ लावून गादी भरायला किती मिनिटं लागतात आणि एका चार्जमध्ये किती वेळा भरते ते बघून पंप ठेवायच्या पिशवीवर लिहून ठेवा. खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा हे आकडे कामाचे.

सातवी पायरी: तंबूपाशी

आधी जमीन हातानं चाचपा. जांभ्याचे टोकदार खडे, करवंदीचे काटे, वाळलेल्या गवताची खुंटं काढून टाका, खाली ताडपत्री अंथरा. पंप थेट जमिनीवर ठेवू नका. पंखा समोरचं सगळं ओढतो, आणि आमच्याकडची तांबडी धूळ आत गेली की बेअरिंग करकरायला लागतं. हातात धरा किंवा टॉवेलवर ठेवा. चूल, शेकोटी गादीपासून लांब ठेवा. उडालेली एक ठिणगीही पीव्हीसीला भोक पाडते.

संध्याकाळी भरलेली गादी झोपताना पुन्हा एकदा दाबून बघा. डिसेंबरात दिवस मावळताना २८ अंश असलेली हवा पहाटे १४ अंशांवर आली, तर गादीतल्या हवेचं आकारमान साडेचार टक्क्यांच्या आसपास घटतं. गादीतला दाब मुळातच इतका कमी असतो की एवढ्यानं ती चांगलीच मऊ पडते. पुष्कळ जण याला गळती समजून गादी परत करतात. झोपायच्या आधी, हवा गार झाल्यावर, पंप अर्धा मिनिट चालवला की काम होतं. उलट भर उन्हात गादी टणक भरून ठेवू नका, हवा तापून फुगते आणि शिवण उसवते.

थंडीच्या दिवसांत अजून एक गोष्ट. साध्या हवेच्या गादीत आतली हवा खेळती असते आणि अंगाची ऊब खालच्या जमिनीत जात राहते. गादी कितीही छान भरली तरी पाठ गार पडते. गादीच्या वर घोंगडं अंथरा, मग चादर. लोकरीसारखं दुसरं काही नाही. ट्रेकला घोंगडं जड होत असेल तर पातळ फोमची चटई चालते.

परत आल्यावर

पंप कोरड्या कापडानं पुसा, जाळीतली धूळ मऊ ब्रशनं काढा. बॅटरी पूर्ण संपलेली किंवा पूर्ण भरलेली ठेवून महिनोन् महिने विसरू नका. निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून दोन-तीन महिन्यांनी बघत राहा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको, बंद काचेआड लिथियम बॅटरी धोकादायक तापते. हिमालयातल्या ट्रेकसाठी विमानानं जाणार असाल तर पंप हातातल्या सामानात ठेवा. अशा बॅटरीला १०० वॅट-तासांची मर्यादा असते आणि छोटे पंप तिच्या कितीतरी खाली असतात, पण सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

पावसाळा सुरू होताना, आषाढातल्या ट्रेकच्या आठवडाभर आधी पंप बाहेर काढा आणि एकदा गादी भरून बघा. बॅटरी मेलेली निघाली तर हवा भरायची पिशवी आणायला तेवढा वेळ पुरतो.